मोतीचा प्रवास आणि पाच अतिचार



अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो : वध, बंध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाणी रोखणे. दारात गाय-बैल होते तेव्हा त्यांचा अर्थ रोज कळायचा. परवा नंदुरबारहून सुरतला जाताना त्यातल्या तिघांची परीक्षा गाडीतच झाली.

पुतणीचा साखरपुडा होता. घरी कुणीच थांबणार नव्हतं, म्हणून मोतीलाही बरोबर घेतलं. नवापूरच्या पुढे ट्रक उलटलेला, दोन तास रांग हलेना. मोती दोनदा ओकला आणि जीभ काढून धापा टाकू लागला. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धाप टाकूनच तो अंग थंड करतो. मुलगा म्हणाला, "आई, पाणी दिलंस तर परत ओकेल."

निघताना पोट रिकामं ठेवलं ते त्याच्या हिताचं होतं. तहानलेला ठेवणं मात्र निरोधच. मी वाटीतून थोडं थोडं गाळलेलं पाणी पाजत राहिले. त्याच्या बाजूच्या पिशव्या माझ्या मांडीवर घेतल्या. पट्टा सोडला नाही, सैल केला. जुन्या टीकांमध्ये सापेक्ष आणि निरपेक्ष बंध असा भेद आहे : बांधावंच लागलं तर आग लागल्यावर जनावर सुटेल अशी गाठ असावी. हळूहळू त्याची धाप कमी झाली.

सुरतला पोचेपर्यंत सूर्यास्त होऊन गेला होता. माझा चौविहार होता. मोतीला मात्र आधी दहीभात कालवून दिला. पच्चक्खाण मी घेतलंय, त्याने नाही.