समारोपाचा मुहूर्त

लग्नाचा आरंभ आपण पळापळाने मोजतो. घरोघरी घड्याळे येण्यापूर्वी घंगाळातल्या पाण्यावर, तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र सोडून ठेवीत. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. शेवटालाही विधी आहेत. ऐरणीदान, पाठवणी आणि नंतर देवकोत्थापन. बोलावलेल्या देवतांनाही रीतसर निरोप दिल्यावाचून कार्य पुरे होत नाही. संध्याकाळचा स्वागत समारंभ मात्र या परंपरेत उशिरा आलेला पाहुणा. त्याला मुहूर्त नाही, मंत्र नाही, आणि म्हणून शेवटही नाही. कोणीतरी दिवे मालवतो, तेव्हा तो संपतो.

माझ्या लग्नात, २००५ साली, असेच झाले. पत्रिकेवर ‘सायं. ७ ते ९.३०’ छापलेले होते. साडेदहालाही व्यासपीठासमोरची रांग हटली नव्हती. अकराच्या सुमारास कार्यालयाच्या व्यवस्थापकाने मागचे दिवे बंद करायला सुरुवात केली. दिवसभर दारात हात जोडून उभे असलेले बाबा तेव्हा कुठे अर्ध्या अंधारात गार मसालेभाताचे ताट घेऊन बसले होते. बाहेर वऱ्हाडाच्या बसचा हॉर्न वाजत होता. मी पाया पडायला वाकले, तर त्यांचा उजवा हात उष्टा. तो त्यांनी तसाच अधांतरी धरला आणि डावा माझ्या पाठीवरून फिरवला. आमच्या घरात निघणाऱ्याला कोणी कधी ‘जा’ म्हणत नसे, ‘ये’ म्हणत. त्या रात्री बाबा म्हणाले, “जा बाळ, बस खोळंबलीय.” बाबा आता नाहीत.

गेल्या वर्षी पुतणीचे लग्न ठरले. कामांची वाटणी होताना मी दादाला म्हटले, “मला फक्त शेवट दे.” तो हसला. “अगं, आलेल्याला ‘आता पुरे’ असं सांगतात का आपल्याकडे?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आतिथ्याची आपली सारी भाषा आग्रहाची आहे. पण जुन्या पंगतीत आग्रहालाही मर्यादा होती. ताकभात झाला, सगळ्यांचे आटोपले की पंगत एकदमच उठे. विडा हातात पडला की पाहुणा आपण होऊन निघे. बुफेने वाढप्याबरोबर हा शेवटही काढून घेतला. तिथे कोणाचेच जेवण शेवटचे नसते.

मी वहीत हिशेब मांडला. आमंत्रित कुटुंबे तीनशे. भेट, अहेर, छायाचित्र धरून प्रत्येकी ४० सेकंद. म्हणजे २०० मिनिटे, तीन तास वीस मिनिटे. हाती अडीच तास. गणितच चुकलेले असताना आपण दोष पाहुण्यांना देतो! तेव्हा ठरवले की रांग पावणेनऊपर्यंत. नंतर वधूवरांनीच खाली उतरून टेबलांपाशी जायचे. सव्वानऊला घरच्यांची पंगत, आणि तीत दादा-वहिनींची पाने आधी मांडायची. रुखवत दुपारीच बांधून घ्यायचे. अहेराची पाकिटे एकाच्याच ताब्यात. वृद्धांच्या गाड्यांचे चालक आधीच जेवलेले. समारंभ उघड्या लॉनवर, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर तिथे ध्वनिवर्धक चालत नाही. पण शेवट कायद्याने व्हावा, हे मनाला पटेना. संस्कृत नाटकाला नांदी आहे तसे भरतवाक्यही आहे. मैफलीला भैरवी आहे. सनईवाल्यांना मी सांगून ठेवले, “साडेनऊला भैरवी घ्या.”

सारे वहीप्रमाणे झाले असे नाही. पंगत दहा मिनिटे लांबली. भैरवी सुरू झाली आणि खरोखरच खुर्च्या सरकू लागल्या. कोणी कोणाला काही सांगितले नाही. तेवढ्यात वरपक्षाकडचे एक वृद्ध जोडपे आले. त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती. ते दारातच संकोचून थबकले. वहिनींनी चार पाने झाकून ठेवलीच होती. मुलगी आणि जावई त्यांच्याजवळ जाऊन बसले. रांग नव्हती, म्हणून बसता आले. त्या आजींनी नातसुनेला जवळ घेऊन, तिच्या माहेरची माणसे एकेक करून विचारली. तीनशे कुटुंबांत इतका वेळ दुसऱ्या कोणालाच मिळाला नसेल. वेळेवर संपवणे म्हणजे माणसांना घालवून देणे नव्हे, एवढे मला तिथे उमगले. उशिरा आलेल्यासाठीही जागा उरते ती त्यामुळेच.

दहाला दहा मिनिटे असताना सनई थांबली. दिवे सगळे लागलेले होते. पुतणी दादासमोर वाकली. मी जरा दूर, अहेराची पिशवी सांभाळीत उभी होते. दादा काही बोलला. ते मला ऐकू आले नाही, पण त्याचे दोन्ही हात तिच्या डोक्यावर होते.

त्याने ते केव्हाच धुतले होते.