कर्जतचा पाऊस आणि आत्याचे परसदार

आम्ही अंबरनाथला चाळीत राहतो. आमची आत्या कर्जत तालुक्यात, उल्हास नदीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात. कर्जत लोकल पकडली की तासाभराच्या आत स्टेशन येते, पुढे रिक्षा. त्यामुळे एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जाणे होते. गेल्या वर्षी मात्र आम्ही चार वेळा गेलो, कारण घरात एक प्रश्न उभा राहिला होता.

आत्याच्या घरामागे सहा गुंठ्यांचे परसदार आहे. फार्महाऊससाठी जागा शोधणाऱ्या एका गृहस्थाने त्याला चांगला भाव सांगितला. आतेभावाच्या डोक्यावर मुलीच्या लग्नाचे कर्ज. त्याने आमचे मत विचारले आणि आम्ही सांगून मोकळे झालो, "विकून टाक. सहा गुंठ्यांत पिकून पिकून पिकणार काय?"

हे आमचे शब्द. ते परत का घ्यावे लागले, त्याचीच ही हकीकत.

पहिली खेप वैशाखातली. वांगणी सोडली की उजवीकडे माथेरानचा डोंगर आणि डावीकडे सह्याद्रीची भिंत दिसू लागते. समुद्रावरचा वारा इथवर येईपर्यंत दमतो. म्हणून मुंबईत नुसता घाम येतो, तर कर्जतला अंग भाजते. पारा चाळीसच्या वर जातो.

अशा उन्हात गावाकडे जाताना एका बाजूला हिरवेगार उन्हाळी भात दिसले. मुले चकित झाली. हे पाणी पावसाचे खरे, पण घाटापलीकडचे. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडी धरण आहे. तिथले पाणी डोंगरातून खाली आणून टाटांनी १९२२ साली भिवपुरीला वीजघर सुरू केले. वीज करून सुटलेले पाणी राजनाल्याने शेतांना मिळते. जी नदी पूर्वेला भीमेकडे जायची, तिचे पाणी इकडे पश्चिमेला भात पिकवते. खालापूर तालुक्यातही तसेच. खोपोलीच्या १९१५ सालच्या वीजघरातून सुटलेले पाणी पाताळगंगेला मिळते.

पण राजनाला सगळ्यांच्या दारात जात नाही. डोंगराकडच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर त्याच दिवसांत बायका हंडे घेऊन खाली उतरतात. आत्याच्या विहिरीनेही तळ गाठला होता. परसदार उघडेबोडके. आत्या मात्र रिकामी नव्हती. काकडी, पडवळ, शिराळे, भोपळा, सगळे बी तिने राखेत घोळून मडक्यांत ठेवले होते. ते उन्हाला दाखवत बसली होती. भांडी घासल्याचे पाणी तेवढे अळवाला. आमचे मत तिच्या कानावर गेलेच होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पाऊस बघून जा, मग बोला."

दुसरी खेप आषाढ पौर्णिमेची. भूमध्य समुद्राकाठच्या गावांत उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. अथेन्स शहरात वर्षाचा पाऊस चारशे मिलीमीटरच्या आसपास. आमच्या कर्जतला तीन हजारांच्या वर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समुद्रावरून आलेले ढग माथेरानला आणि घाटाला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि ओततात. जमीन उताराची, खाली काळा कातळ. पाणी मुरायच्या आधीच उल्हासला मिळते आणि वसईच्या खाडीला जाते. आषाढात पूर आणि वैशाखात हंडा, यातले गणित हे.

परसदार ओळखू येईना. मांडवावर पडवळ लोंबत होते, कुंपणावर शिराळी, कडेला अळू, भेंडी, हळद. लावलेले सोडून न लावलेलेही पुष्कळ. टाकळा, कुर्डू, बांधावरची फोडशी. या सहा गुंठ्यांत मृग नक्षत्रापासून आत्याने बाजारची पालेभाजी आणली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला, तेव्हा कोंडाणे लेणी पाहायला गेलो. राजमाचीच्या पायथ्याला इसवीसनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची ही लेणी आहेत. चैत्याच्या तोंडावरून पावसाळ्यात धबधबा कोसळतो. एका कोरीव मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत कान्हाचा शिष्य बलक याचे नाव आहे. आपल्या हातच्या कामाखाली त्याने नाव कोरले आणि ते दोन हजार पावसाळे टिकले. आम्ही कारखान्यात हातांनी काम करणारी माणसे, आम्हाला त्याचे फार बरे वाटले.

भिक्खूंनी पावसात हिंडू नये, कोवळी रोपे आणि बारीक जीव पायाखाली येतात, अशी लोकांची तक्रार होती म्हणून भगवंतांनी वर्षावास घालून दिला, असे विनयात आहे. वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. लेण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना नुकती लावलेली आवणे होती, पाऊल ठेवायला फक्त एक निसरडा बांध. ही गोष्ट विहारात अनेकदा ऐकली होती, त्या बांधावर ती कळली.

परत आलो तर परसदारात घोटाभर पाणी. शेजारच्या प्लॉटवर मातीचा भराव टाकून भिंत घातली होती आणि त्यात जुना ओहोळ बुजला होता. वेल वाचले, हळद कुजायला लागली. वस्तीतल्या बाया जमून मालकाला भेटल्या, भिंतीखालून मोठा पाइप घालून घेतला, तेव्हा पाणी हलले. पाण्याची वाट अडवली तर काय होते याची भीती इथे सगळ्यांना आहे. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेले नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. त्या रात्रीचा विषय निघाला की आत्या अजूनही बोलता बोलता थांबते.

तिसरी खेप दिवाळीनंतरची. भात कापून झाले होते. हस्ताचा पाऊस सरला की जमिनीत जी ओल राहते, तिच्यावरच वाल पेरायचा. त्याला वरून पाणी नाही. उरलेली ओल आणि पहाटेचे दव एवढ्यावर तो येतो. परसदारात मेथी, कोथिंबीर, मुळा, वांगी. विहीर काठोकाठ.

त्या विहिरीवर आम्ही उभे असताना शेजारच्या तीन घरांतल्या बाया पाणी भरायला आल्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. विहीर परसदारात आहे. परसदार गेले की विहीर गेली, आणि एकट्या आत्याची नाही, चार घरांची. आम्ही भाव ऐकला होता, विहीर मोजलीच नव्हती. ज्या समाजाला एके काळी पाण्यासाठी महाडपर्यंत जावे लागले, त्यातल्या आम्ही ही चूक करावी याची लाज वाटली.

चौथी खेप माघात, वालाच्या शेंगा भरल्यावर. रात्री थंडी होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा. मडके उपडे करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब न घालता अर्ध्या तासात पोपटी तयार. शेंगा सोलता सोलता आम्ही आतेभावाला सांगितले, "आम्ही चुकीचे बोललो. विकू नकोस." पण नुसते शब्द परत घेऊन कर्ज फिटत नाही. आमची भिशी त्या महिन्यात लागली होती, ती त्याच्या हाती दिली. बाकीचे हप्ते तो भरतो आहे. आत्या म्हणाली, "आता बोललास ते पाऊस बघून बोललास."

निघताना तिने राखेतले बी पुडीत बांधून दिले. आमच्याकडे गुंठा नाही, खिडकीची जाळी आहे. पण तिने सांगितलेले आपल्यालाही जमण्यासारखे आहे. तेलाच्या डब्याला खाली चार भोके पाडा, माती भरा, थोडी राख मिसळा. मृगात शिराळे लावा, वेल जाळीवर चढतो. आषाढ-श्रावणात वरून पाणी घालू नका, मुळे कुजतात. कोथिंबीर आणि मेथी पाऊस सरल्यावरच पेरा. उन्हाळ्यात तांदळाचे धुवण फेकू नका, ते झाडाला घाला. आणि शेवटचे एक फळ तोडू नका. ते वेलावरच वाळू द्या, पुढच्या वर्षीचे बी त्यात असते.

आमच्या जाळीवर यंदा दोन वेल चढले आहेत. तिसरा डबा शेजारणीने मागून नेला.