लाल पेनाचा गोल

आम्ही पेशाने कारकून. दिवसभर आकड्यांचे रकाने तपासायचे, चूक दिसली की लाल पेनाने गोल करायचा. संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना शिकवतो. परवा लेकीने विचारले, "बाबा, फुकट राबून तुम्हाला मिळते काय?"

आम्ही तिला जेरी एहमन यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठाची 'बिग इअर' नावाची रेडिओ दुर्बीण होती. १९७२ साली अनुदान बंद झाले, एहमन यांची तिथली नोकरी गेली. तरीही परग्रहावरून कोणी संदेश धाडते का, हे पाहण्यासाठी दुर्बिणीतून निघालेले आकड्यांचे कागद ते विनावेतन तपासत राहिले. १५ ऑगस्ट १९७७ च्या कागदावर त्यांना एक संकेत दिसला. ७२ सेकंदांचा, नेहमीच्या गोंगाटाच्या तीसपट जोरदार! त्यांनी लाल पेनाने गोल केला, शेजारी लिहिले, 'वॉव!'

पुढे खूप शोधले, पण तो संकेत पुन्हा सापडला नाही. १९९८ साली गोल्फच्या मैदानासाठी दुर्बीणही पाडली.

"म्हणजे त्यांनाही काही मिळाले नाही," लेक म्हणाली.

"नाही मिळाले. पण ते कागद घेऊन बसले नसते, तर काही येऊन गेले हे तरी कुणाला कळले असते? आपल्या अभ्यासिकेतही कुठल्या पोरात काय आहे, ते रोज बसल्याशिवाय कसे कळणार, बाळ?"