कौलांवरची अक्षरे

गोमंतकापासून मंगळुरापर्यंतच्या देवळांवर जे तांबडे कौल दिसते, त्यास आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ‘मंगळुरी’ म्हणत आलो आहोत. जुन्या छपराची दुरुस्ती निघाली की उतरविलेल्या राशीत एखादे कौल असे सापडते, की ज्यावर बासेल मिशनचे नाव आणि १८६५ हे साल रोमन लिपीत उठविलेले असते. देवाच्या माथ्यावर मिशनऱ्यांचे कौल! पुष्कळांस याची गंमत वाटते. आम्हांस मात्र त्यामागची हकीकत अधिक मोलाची वाटते.

बासेल हे स्वित्झर्लंडातील नगर. तेथील मिशनचे पाद्री १८३४ साली मंगळुरास उतरले. त्यांच्याकडे जे लोक वळले त्यांत ताडी काढणारे बिल्लव आणि तिय्या पुष्कळ होते. मिशनने मद्याचा धंदा निषिद्ध ठरविला. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की पोटाचा उद्योगच बुडाला. जातीने दूर लोटले ते वेगळेच. धर्म बदलला, पण चूल कशी पेटावी? पाद्रीमहाशयांनी हा प्रश्न टाळला नाही, ही गोष्ट त्यांच्या मतांशी मुळीच सहमत नसणाऱ्या आमच्यासारख्यांनीही मान्य केली पाहिजे.

आरंभीचे शेतीचे प्रयोग टिकले नाहीत. पुढे १८५१ साली आलेल्या हालर या विणकराने मागांवर धावता धोटा आणला. खाकी रंगाच्या शोधाचे श्रेयही मंगळुरात त्यालाच देतात. १८६५ साली प्लेब्स्ट या यंत्रज्ञ मिशनऱ्याने जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. माती आणावी, गाळावी, मळावी, साच्यात दाबावी, सावलीत सुकवावी आणि मग भट्टीत रचून भाजावी. ऐकायला सोपे, परंतु घाईने वाळविलेले कौल वाकते, आणि वाकलेल्या कौलाची खाच शेजारच्या कौलाच्या कडेत बसत नाही. भट्टीचा जाळ चुकला तर दिवसांचे श्रम मातीत जातात. ज्याने जन्मभर माडावर चढण्याखेरीज काही केले नव्हते, त्याच्या हाताला व डोळ्याला ही पारख यावयाची म्हणजे कोणी तरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते. येथे ते शिकविले गेले. पुढे ख्रिस्तेतर मजूरही त्या कारखान्यांत शिरले.

या कथेत आमच्याच समाजातील एक गृहस्थ आहेत, आणि त्यांचे नाव आपल्याकडे सहसा कोणी घेत नाही. आनंदराव कौंडिण्य हे मंगळुरचे सारस्वत तरुण १८४४ साली ख्रिस्ती झाले. त्या वेळी घरादाराने केलेला आकांत समजण्यासारखा आहे. पण पुढे बासेलास शिकून परतलेल्या या माणसाने कोडगूमध्ये होलेय जातीच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी आनंदपूर ही कॉफीच्या मळ्याची वसाहत उभी केली. ज्यांच्या सावलीचा त्याच्या आजोबांनी विटाळ मानला असता, त्यांच्या भाकरीची तजवीज त्याने केली.

मिशनच्या उद्योगांत दोष नव्हते असे नाही. मालक तोच, धर्मगुरू तोच. अशा ठिकाणी मजुराचा कणा ताठ कसा राहावा? पहिल्या महायुद्धात सरकारने हे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले व ते पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. परंतु तोवर मंगळुरात एतद्देशीय मालकांचेही कारखाने उभे राहिले होते आणि शिकलेल्या कामगारास तेथे थारा होता.

मंगळुरच्याच कुद्मुल रंगराव या सारस्वताने १८९७ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. धर्मांतराची अट न घालता त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांना अक्षरांबरोबर हातचे काम शिकविले, आणि त्याबद्दल स्वजातीचा बहिष्कार सोसला. आज त्यांची स्तुती करणाऱ्यांत बहिष्कार घालणाऱ्यांचे नातू-पणतूही असतील.

हे जुने उगाळण्याचे कारण आजचेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली तो शिखांना, १९९० साली बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्त्यांस तो नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. धर्मांतर केलेल्यांचा विचार करण्यास २०२२ साली न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. कायद्याचा निर्णय व्हावयाचा तेव्हा होवो. खेड्यात मात्र त्या माणसाची जात कोणी विसरलेले नसते. काही ठिकाणी चर्चची दफनभूमीही विसरत नाही.

आमच्या देवस्थानाच्या अग्रशाळेत शिवणाचा वर्ग चालतो. शेजारच्या वाड्यावरील ख्रिस्ती मजुरांच्या चार मुलींनी त्यात प्रवेश मागितला, तेव्हा एका वयोवृद्ध महाजनांनी हरकत घेतली: देवाचा पैसा भक्तांसाठीच असावा. त्यांची श्रद्धा निर्मळ आहे, आणि आम्ही त्यांना आदराने ‘काका’च म्हणतो. आम्ही एवढेच विचारले, “काका, त्या मुलींनी शिवलेला परकर आपल्या घरी चालणार नाही का?” काका हसले, पण हरकत मागे घेतली नाही. प्रश्न आता महाजनांच्या सभेपुढे आहे. शिवणयंत्रे सहा आहेत, आणि दुपारनंतर ती रिकामीच असतात.