टायमिंग

आयुष्यात वेळेवर केलेल्या गोष्टी मोजायच्या ठरवल्या, तर एका हाताची बोटे मला पुरून उरतील. जन्मसुद्धा मी पंधरा दिवस उशिरा घेतला, असे आई सांगत असे. शाळेत प्रार्थनेनंतर, लग्नात अक्षता पडू लागल्यावर (हो, माझ्याच) आणि पनवेल स्टँडवर एस.टी. हलल्यावर पोहोचणे, हा माझा लौकिक. अशा माणसावर एका इंजिनाचे टायमिंग ठरवायची पाळी यावी, यात नियतीचा खवचटपणा दिसतो.

इंजिन आमच्या पद्मिनीचे. पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मोटार. हे आधी सांगितलेले बरे. कारण "पद्मिनीचं पोट उघडून ठेवलंय" असे मी एकदा फोनवर म्हणालो, आणि पलीकडचा गृहस्थ संध्याकाळी शहाळी घेऊन घरी हजर झाला.

आप्पांनी तिच्यासाठी नंबर लावला १९७७ साली, मी चौथीत असताना. ती दारात आली १९८४ साली, मला मिशी फुटल्यावर. मूल सात वर्षांत चालते, बोलते, पाढे म्हणते. मोटार सात वर्षांत नुसती येते. आता ती चाळिशी ओलांडून गेली आहे, आप्पा सत्याऐंशीचे आहेत आणि मी निवृत्त आहे. म्हणजे घरात काम करणारे असे कोणीच नाही, सौ. सोडून.

गेल्या पावसाळ्यात गाडी सकाळी सुरू केली, की पुढच्या बाजूने खळखळ आवाज येऊ लागला. पत्र्याच्या डब्यात कुणी चिंचोके हलवावेत तसा. घाट राहू द्या, उरण नाक्याच्या गर्दीतही ती धापा टाकायला लागली. मिस्त्रींनी इंजिन उतरवले, ब्लॉक बोअरिंगला पाठवला आणि काळ्या बोटांत एक साखळी धरून ती माझ्यापुढे लोंबकळवली.

"साहेब, टायमिंग चेन गेली. काय टाकायचं ते ठरवा."

हलवायाकडे "काय देऊ?" विचारतात तेव्हाही मी गोंधळतो. मी म्हटले, "घरी विचारून सांगतो."

आता टायमिंग म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मिस्त्रींनी सांगितले ते असे. खाली क्रँक फिरतो, तो चाकांना ओढतो. बाजूला कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्हची दारे उघडतो-मिटतो. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या, की कॅमची बरोबर एक व्हायला हवी. म्हणून कॅमच्या चक्राला दुप्पट दाते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक दार सेकंदाला पंचवीस वेळा उघडते आणि पंचवीस वेळा मिटते. तेही नेमक्या क्षणी. ऐकून माझी छाती दडपली. आमच्या फ्लॅटचे एक दार दूधवाल्यासाठी दिवसातून एकदा उघडायचे, तर तेवढ्यावरून घरात वाद होतात.

बातमी आळीत पसरली आणि सल्लागार जमले. पनवेलमध्ये पाऊस आणि सल्ला यांना कमतरता नाही.

पहिले आले ते बुलेटवाले शेजारी. "चेनबिन सोडा! गिअर बसवा गिअर. बुलेटला आत गिअर, जुन्या पेट्रोल जीपला गिअर. कधी सैल पडणार नाहीत. आपला लेथवाला आहे, दोन चक्रं कापून देईल." मग भाचा आला. तो म्हणाला, "मामा, रबरी पट्टा. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, ती पट्ट्यावरच. आवाज नाही, वजन नाही, वंगण नाही." फियाटने खुद्द इटलीत १९६६ सालच्या १२४ स्पोर्टमध्ये दात्यांचा पट्टा वापरला होता, असे सांगून त्याने आमच्या गाडीच्या माहेरचा दाखलाही दिला. तिसऱ्या गृहस्थांकडे जुनी टू-स्ट्रोक चेतक. ते नुसतेच हसले आणि म्हणाले, "आमच्यात कॅमशाफ्टच नसतो." ब्रह्मचाऱ्याने संसारी माणसांकडे पाहून हसावे तसे ते हसले.

मी गिअरच्या बाजूने झुकलो होतो. कारण दोनच चक्रे, मध्ये काही नाही. मग बिघडणार काय? रात्री जेवताना मी सौ.ला म्हटले, "आप्पांना सांग, गिअर बसवतोय."

इथे एक खुलासा करायला हवा. आप्पा माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. पण आई गेल्यापासून आमचे बोलणे सौ.मार्फत चालते. भांडण वगैरे काही नाही. "आप्पांना विचार, औषध घेतलं का", "त्याला सांग, लाइटचं बिल आलंय", असे आमचे दळणवळण.

आप्पांनी आमटी संपवली. आपली वाटी आणि माझी वाटी ताटाबाहेर कडेला कड लावून ठेवली आणि एक फिरवली. दुसरी उलटी फिरली.

"त्याला म्हणावं, चेनवर दोन्ही चक्रं एकाच दिशेनं फिरतात. दात्याला दाता भिडवलास, की कॅम उलटा फिरणार. जीपचं इंजिन मुळातच त्या हिशेबानं बनवलेलं असतं, आपलं नाही." मग त्यांनी सौ.ची वाटी उचलून दोघींच्या मध्ये ठेवली. "मध्ये तिसरं चक्र घातलंस, तर दोन्ही एका दिशेनं फिरतील. पण मग त्या तिसऱ्यावर दोन्हीकडून घासणार, आणि वर घरघर."

"हे मी तुम्हाला किती वर्षं सांगतेय!" सौ. म्हणाली आणि आपली वाटी परत घेतली.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी, बऱ्याच दिवसांनी थेट, विचारले, "आप्पा, आणि पट्टा?"

"साध्या पट्ट्याला तेल चालत नाही. आपल्या गाडीत ती जागा तेलातच. सगळं पुढचं अंग बदलावं लागेल." मग थोडे थांबून ते म्हणाले, "आणि पट्टा तुटतो तेव्हा आधी बोलत नाही रे. चालता चालता जातो. तुझी आई गेली तशी. चेन निदान वाजते. वाजते तोवर माणसाला कळतं, की लक्ष द्यायला हवं."

चेनच टाकायची ठरली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना म्हटले, "ती ताणली कशी एवढी?" ते म्हणाले, "साहेब, लोखंड ताणत नाही. कड्यांच्या पिना आणि बुशी झिजतात. एकेका कडीत केसाएवढी फट पडते. सगळ्या कड्या मिळून कॅम मागे राहतो, आणि गाडीची ओढ जाते." मिस्त्री मोटारीबद्दलच बोलत होते, पण मी घरी येईपर्यंत दुसरेच हिशेब करत होतो. आमच्या घरात तरी कोण मुद्दाम ताणत होते?

चेन आणायला कुर्ल्याला गेलो. हार्बर लोकलने, अर्थात एक लोकल चुकवून. पद्मिनीचा जन्म कुर्ल्याचाच. कारखाना तिथे होता. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास संपले, आणि मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. स्पेअर पार्टवाल्याने चेन काढून दिली आणि म्हणाला, "चक्रं पण न्या. जुन्या दात्यांवर नवी चेन चढवली, की तीही लवकर झिजते." हेही मी मोटारीपुरतेच घेतले.

चेन चढवायच्या दिवशी आप्पा काठी टेकत गॅरेजात आले. दोन्ही चक्रांवरच्या खुणा जुळल्या का, ते त्यांनी चष्मा वर करून पाहिले. "एक दातासुद्धा इकडे-तिकडे नको. झाकण लावायच्या आधी इंजिन हातानं दोन फेरे फिरव." मिस्त्रींनी पाना माझ्या हातात दिला. मी फिरवले. दुसऱ्या फेऱ्याअखेर खुणा पुन्हा समोरासमोर आल्या आणि आप्पा "हं" म्हणाले. सौ. तिथे नसताना आप्पांनी मला उद्देशून काढलेला, अलीकडच्या काळातला तो पहिला उद्गार.

नंतरच्या रविवारी कर्नाळ्याला जायचे ठरले. सातला निघायचे. आप्पा पावणेसातलाच पुढच्या सीटवर बसले होते, सौ. मागे. मी सव्वासातला खाली उतरलो. गाडी सुरू केली. खळखळ नाही, धाप नाही. पळस्पे फाटा ओलांडेपर्यंत मी "कशी चालतेय?" एवढे ऐकण्याची वाट पाहत होतो.

"इंजिन ठीक झालं," आप्पा म्हणाले. "पण या घरातला एक कॅम अजून एक दाता मागेच आहे."

"आप्पा, पंधराच मिनिटं—"

"एकदा मिस्त्रींना दाखवून ये."

मागून उत्तर आले नाही. वळून पाहिले, तर मधले चक्र खिडकीला डोके टेकून गाढ झोपले होते. कर्नाळा येईपर्यंत आम्ही दोघे भांडत होतो. मध्यस्थाशिवाय.