ऑल्डवर्थचा ‘बेल’

पब म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर अजून आठी पडते. भारतातून आलेल्या माझ्या आईच्याही पडली. आम्ही रेडिंगहून निघून, स्ट्रीटलीचा चढ चढून ऑल्डवर्थ या बर्कशरमधल्या छोट्या गावी गेलो होतो. सेंट मेरी चर्चमधले द ला बेश घराण्याचे चौदाव्या शतकातले नऊ दगडी पुतळे तिला दाखवायचे होते. पुतळे पाहून झाले, भूक लागली, आणि जवळ होता तो ‘द बेल इन’.

इमारत पंधराव्या शतकातली. आत नेहमीसारखा बार काउंटर नाहीच. काचेची तावदानं असलेल्या छोट्या खिडकीतून पेले बाहेर येतात. “अगंबाई, ही तर तिकिटाची खिडकी!” आई म्हणाली. मोबाइल वापरायला इथे बंदी. त्यामुळे माणसं चक्क एकमेकांशी बोलत होती.

इंग्लंडात पब चालवणाऱ्याला ‘लँडलॉर्ड’ म्हणतात खरं, पण पुष्कळदा इमारत बिअर बनवणाऱ्या कंपनीची असते आणि हा ‘जमीनदार’ तिचा भाडेकरू! बेलचं तसं नाही. अडीचशे वर्षांहून अधिक काळ तो एकाच घराण्याकडे आहे. पिढ्या बदलल्या, पण घरच्यांनी जागेचं जुनेपण सोडलं नाही. १९७१ साली सुरू झालेल्या ‘कॅम्रा’ या बिअरप्रेमी ग्राहकांच्या संघटनेने १९९० साली आणि पुन्हा २०१९ साली त्याला देशातला सर्वोत्तम पब ठरवलं.

हे सगळं मी आईला सांगितलं. “अडीचशे वर्षं? म्हणजे थोरल्या माधवरावांच्या वेळेपासून!” एवढं बोलून ती गप्प झाली. मला कारण ठाऊक होतं. वाईजवळचा आमचा वाडा आम्ही भावांनी विकला. कुलमुखत्यारपत्रावर सही करून मी ते इथूनच टपालाने पाठवलं होतं. तिघांपैकी एकालाही तिथे राहायला जायचं नव्हतं.

“तुमची काही चूक नाही रे,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “पण घराला रोज सकाळी दार उघडणारं माणूस लागतं.”

निघताना तिने त्या खिडकीशी वाकून “थँक्यू” म्हटलं. मग गाडीत बसल्यावर मला म्हणाली, “पुढच्या वेळी मुलांना घेऊन ये. आणि येताना वाटेत त्यांना आपल्या वाड्याचंही सांग.”