मद्रासला काय बघायचं?

सहलीला निघायचं म्हटलं की घरातल्या कोणाच्या हातात कागद-पेन्सिल येते? आमच्याकडे ती माझ्या हातात येते. पैसे किती लागतील ते ‘हे’ सांगतात. कुठं उतरायचं, काय खायचं, कोणत्या दिवशी काय बघायचं, मुलांना औषधं कोणती घ्यायची, ते सगळं माझ्याकडे. गेल्या डिसेंबरात आम्ही चेन्नईला तीन दिवस जाऊन आलो. तेव्हापासून शेजारच्या तिघीचौघींनी माझ्याकडे ‘तुझा तो कागद दे गं’ म्हणून मागणी केली आहे. तो कागद जसाच्या तसा देण्यात अर्थ नाही, कारण त्यातलं निम्मं चुकलं. म्हणून हे लिहायला बसले.

चेन्नई म्हणायचं की मद्रास, यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. शहराचं नाव 1996 साली बदललं, पण सासूबाईंच्या तोंडी अजून मद्रासच. मला वाटायचं, जुनी सवय. तसं नव्हतं, पण ते पुढं सांगते.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्या शाळेला नाताळात आठवडाभर सुट्टी असते, आणि दक्षिणेत जायला तोच काळ बरा. मात्र ‘डिसेंबर म्हणजे थंडी’ हे आपलं गणित तिथं लागू पडत नाही. आपल्याकडचा पावसाळा संपला की त्यांचा मुख्य पावसाळा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडून पाऊस येतो, आणि कधी वादळंही. 2015 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला तिथं केवढा पूर आला होता आठवतं ना? 2016 ला वर्दा, 2023 ला मिचाँग, दोन्ही चक्रीवादळं डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातलीच. म्हणून विसाच्या पुढची तारीख धरा, आणि तरीही छत्र्या घ्या. सासूबाईंनी पाच स्वेटर काढून ठेवले होते. पहाटेसुद्धा वीस अंशांच्या खाली पारा क्वचितच जातो हे सांगून मी त्यातले चार परत कपाटात ठेवले. पाचवा त्यांनी गुपचूप पिशवीत घातलाच, आणि गाडीत उशाला तेवढा उपयोगी पडला. सुती साड्या न्या. सिल्क तिथं घालायला नेऊ नका, तिथून आणायला पैसे न्या!

रेल्वेचं आरक्षण 2024 च्या नोव्हेंबरपासून साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे नाताळासाठी ऑक्टोबरच्या अखेरीलाच ठरवायला हवं. आमच्या सोलापूरहून वाडी, रायचूर, गुंटकल, रेणिगुंटा असा साधारण चौदा-पंधरा तासांचा रस्ता आहे. दशम्या, शेंगाची चटणी आणि दही एवढं बरोबर असलं की काही लागत नाही.

आता तो कागद. मी काय केलं, घरातल्या प्रत्येकाला त्यावर हवं ते लिहायला सांगितलं. मुलानं लिहिलं समुद्र, किल्ला, समुद्र. सातवीतल्या मुलीनं महाबलीपुरम आणि ‘खरेदी’. ह्यांनी संग्रहालय, सेंट जॉर्ज किल्ला आणि आणखी आठ नावं लिहिली. सगळी मिळून सतरा ठिकाणं झाली. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मला काय गं, तुम्ही न्याल तिथं येईन.” मी पुढं सरकले. त्यांच्या गुडघ्यांसाठी जिने कमी असलेली खोली तेवढी शोधली, आणि आपण सासूचं किती बघतो असं मनाशी म्हटलंसुद्धा.

खोली मात्र चांगली सापडली, मैलापूरला. तुम्हीही तिथंच उतरा. कपालीश्वराचं देऊळ आणि त्याचं मोठं तळं चालत पाच मिनिटांवर होतं आणि मरीना रिक्षानं जवळ. सान्तोमचं पांढरंशुभ्र चर्चही त्याच बाजूला. ख्रिस्ताचा शिष्य सेंट थॉमस याची कबर तिथं आहे असं मानतात. नाताळात तिथली रोषणाई बघण्यासारखी असते. मरीनावर संध्याकाळी जरूर जा, पण मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. तिथला समुद्र आत ओढतो.

सोळा डिसेंबरच्या सुमारास त्यांचा मार्गळी महिना लागतो. म्हणजे आपला धुंधुरमासच की! पहाटे देवळाभोवतीच्या रस्त्यांवर बायका दारापुढं सडा घालून तांदळाच्या पिठानं कोलम काढत असतात. आधी ठिपके आणि मग त्यांना वेढे घालत जाणारी, कुठंही न तुटणारी रेघ. हातात छापा नाही की चाळणी नाही. माझी मुलगी एका दारापुढं इतका वेळ उभी राहिली की त्या आजींनी तिच्या चिमटीत पीठच दिलं. देवळात प्रसाद होता मूगडाळ-तांदळाचा गरम पोंगल, वर तूप आणि मिरे. सासूबाईंनी तो तोंडात घातला आणि म्हणाल्या, “अगं, ही आपली धुंधुरमासाची खिचडीच. फक्त बाजरीची भाकरी नाही.” एवढ्या पहाटे जायचं कारण आणखी एक, तिथली देवळं दुपारी बाराच्या सुमारास मिटतात ती चारनंतर उघडतात. आपल्यासारखं ‘जाता जाता दर्शन’ जमत नाही.

आणि आता माझी चूक. शुक्रवारी सकाळी एवढ्या उन्हातून आम्ही पाचजण एग्मोरला सरकारी संग्रहालयाच्या फाटकाशी पोचलो, तर कुलूप! ते शुक्रवारी बंद असतं. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट मी कागदावर लिहिली नव्हती. ‘हे’ काही बोलले नाहीत, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. मुलगा भुकेला झाला होता आणि सासूबाई फाटकाशेजारच्या कठड्यावर टेकल्या होत्या.

रिक्षावाल्याला चांगलं जेवण कुठं मिळेल विचारलं, तर त्यानं मैलापूरच्याच एका ‘सभे’त आणून सोडलं. सभा म्हणजे तिथं गाण्याची संस्था. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीची स्थापना 1928 सालची, आदल्या वर्षीच्या काँग्रेस अधिवेशनाबरोबर झालेल्या संगीत परिषदेतून ती निघाली. डिसेंबरातले तिचे कार्यक्रम वाढत वाढत आता शहरभर अशा कितीतरी सभा महिनाभर गाजत असतात. सकाळ-दुपारच्या बैठकी बहुतेक फुकट, संध्याकाळच्या मोठ्या गवयांना तिकीट. आणि प्रत्येक सभेचं उपाहारगृह! लोक गाण्याइतकेच त्याचे दर्दी. केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम, दोन भाज्या, अप्पळम, पायसम, शेवटी दहीभात. वाढपी थांबतच नाहीत. ‘पोदुम’ म्हणजे ‘पुरे’ हा एकच तमिळ शब्द मी तिथं मनापासून शिकले.

जेवण झालं. शेजारच्या दालनात लोक जाऊन बसत होते. सासूबाई म्हणाल्या, “जरा टेकू या का इथं? पंखे आहेत.” ‘हे’ मुलांना घेऊन खोलीवर गेले आणि मी त्यांच्यासोबत बसले. खरं सांगते, माझ्या मनात दुपारची दोन ठिकाणं हुकल्याचा हिशेब चालला होता.

एक तरुण मुलगी गात होती, साथीला व्हायोलिन आणि मृदंगम. माझं गाण्याचं ज्ञान बेताचंच. सासूबाई प्रथम म्हणाल्या, “स्वर फार हलवतात बाई हे लोक.” मग गप्प झाल्या. थोड्या वेळानं माझ्या कानाशी आल्या. “हा आपला मालकंस. त्यांच्यात हिंदोळम म्हणतात.” मी बघतच राहिले. चौदा वर्षांत माझ्यासमोर त्यांनी आरतीपलीकडे काही म्हटलं नव्हतं. त्यांचा उजवा हात मांडीवर ताल मोजत होता, शेजारच्या तमिळ आजींच्या हाताबरोबर, आणि त्या दोघी एकमेकींकडे न बघताच एकाच वेळी समेवर येत होत्या.

शेवटी त्या मुलीनं एक मराठी अभंग सुरू केला! तिकडे हे नवलाचं नाही. शिवाजीमहाराजांचे भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापलं, तिथं आपले कीर्तनकार गेले, आणि त्यांच्या कीर्तनाची छाप तिकडच्या हरिकथेवर पडली. आजही कर्नाटक संगीताच्या मैफलीत शेवटी अभंग म्हणतात, अरुणा साईराम तर त्यासाठी प्रसिद्धच आहेत. उच्चार तमिळ वळणाचे होते, पण विठ्ठल तोच. सासूबाई बारीक आवाजात तिच्याबरोबर म्हणू लागल्या. आवाज कापत होता, सूर मात्र अजिबात सुटला नाही. मी मान खाली घालून बसले.

खोलीवर जाताना त्या आपण होऊन बोलल्या. त्यांचं माहेर मिरजेचं. सहा वर्षं त्या एका मास्तरांकडे गाणं शिकल्या. विशारदची परीक्षा द्यायची होती, तिच्या महिनाभर आधी लग्न ठरलं. “सासरी तानपुरा ठेवायला जागा नव्हती,” एवढंच म्हणाल्या. कोणाला दोष नाही. त्या सासरी म्हणजे आता मी राहते त्याच घरात.

आणि मद्रासचं? अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे, तिथल्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. 1937 च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमल कोविल या लहानशा स्टेशनावर उतरले, फलाटावरच चटई अंथरली, तानपुरा जुळवायला सांगितला आणि गात गात गेले, असं सांगतात. मास्तर ही गोष्ट सांगताना दर वेळी रडायचे म्हणे. “म्हणून मला मद्रास बघायचं होतं,” त्या म्हणाल्या. मी विचारलं, “आई, मग कागदावर का नाही लिहिलंत?” “तू एकदाच विचारलंस गं,” त्या हसून म्हणाल्या.

पुढच्या दोन दिवसांचं थोडक्यात सांगते. महाबलीपुरम पंचावन्न-साठ किलोमीटर आहे, सकाळी लवकर निघा. सातव्या-आठव्या शतकातल्या पल्लवांचं ते काम. गंगावतरणाच्या त्या प्रचंड शिळेवर उभं राहून तप करणारी मांजर आणि तिच्यापुढचे भोळे उंदीर मुलांना शोधायला लावा, अर्धा तास निवांत मिळतो. वाटेत मुत्तुकाडूला दक्षिणचित्र आहे, तिथं चार राज्यांची जुनी घरं उचलून आणून पुन्हा उभारली आहेत. ते मंगळवारी बंद असतं, हे मी आता लिहून ठेवलंय! रविवारी संग्रहालय उघडं सापडलं. बाकी सगळं सोडलंत तरी चालेल, पण तिथली चोळकाळातली पंचधातूची शिल्पं बघा, तिरुवालंगाडूचा नटराज आणि अर्धनारीश्वर. जॉर्जटाऊनमधल्या काळिकाम्बाळच्या देवळात 1677 साली, दक्षिणेच्या स्वारीत, शिवाजीमहाराज दर्शनाला आले होते असं तिथं सांगतात. आमचा मुलगा तिथं छाती पुढं काढून उभा राहिला. सतरातली सात ठिकाणं झाली. दहा राहिली, त्यांची नावं आता मला आठवतही नाहीत.

यंदा पुन्हा दोनच दिवस जायचं घाटतंय. कागद परवा काढला. या वेळी तो आधी सासूबाईंपुढं ठेवला आणि मी भाजी निवडत समोरच बसले. बराच वेळ त्यांनी काही लिहिलं नाही. मग चष्मा लावला. दोन ओळी झाल्या: एक त्या सभेतली दुपारची बैठक, आणि दुसरी सिंगपेरुमल कोविल स्टेशन.

ह्यांनी वाचलं आणि विचारलं, “आई, तिथं बघायला काय आहे?”

“फलाट,” सासूबाई म्हणाल्या.

चेंगलपट्टूकडे जाणाऱ्या लोकल तिथं थांबतात. मी बघून ठेवलंय.